सी हॉकचा हादरा

निलंगा
१२ जानेवारी

प्रिय जिलानीचाचा,

सदफभाभी फोनवर म्हणाल्या की तुम्हाला आता अजिबात ऐकू येत नाही, कानाचं मशीन लावलं की चिडता, पण पत्र आलं की चष्मा पुसून पुसून वाचता. म्हणून लिहितोय. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, "सर, कुणाला नोटीस द्यायची का?" पत्रं लिहिणारी माणसं आता एवढीच राहिली.

चाचा, मी तुमचं विमान बनवतोय. हसू नका. सी हॉक. तुम्ही आमच्या शेजारी ट्रॅक्टरचं गॅरेज चालवायचात, तेव्हा मला डिझेलच्या डब्यावर बसवून एकाहत्तरच्या लढाईच्या गोष्टी सांगायचात. जहाजाचा डेक, त्याच्यावरनं उडणारी विमानं, खाली काळं पाणी. ते माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही. आता घरच्या संगणकावर विमान चालवायचा सिम्युलेटर मिळतो. त्यात जगभरातली विमानं आहेत, पण आपलं सी हॉक मला हवं तसं कुठं सापडेना. मग म्हटलं, आपणच करावं. रोज लातूरला क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवायचं आणि परत आलं की मागच्या खोलीत विमान. बाहेरचं रूप संगणकावर काढतोय, आणि वैमानिकाची बसायची जागा खरीखुरी, लोखंडी अँगल आणि प्लायवूडची. आमची सौ. वर्षाराणी म्हणते, एवढ्या लोखंडात जिना झाला असता.

मला तुमच्याकडून एकच हवंय. डेकवरून विमान सुटताना कसं वाटायचं? आवाज कसा, हादरा कसा? पुस्तकात सगळं आहे, हे नाही.

अव्वा बरी आहे. अजूनही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच झोपते. स्लॅबखाली पाऊल ठेवत नाही, जेवणसुद्धा उंबऱ्याबाहेर. रोज संध्याकाळी पेल्यांची चवड रचते, खाली परात. जमीन जरा हलली की पेले परातीत पडावेत आणि तिला कळावं. त्र्याण्णवच्या भूकंपापासून एक दिवस चुकलेला नाही. तुमची आठवण काढते.

तुमचा
विरू (विरूपाक्ष)


नांदेड, देगलूर नाका
२१ जानेवारी

बेटा विरू,

दुवा. तुझं खत सदफनं आणून दिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी वारलं. पाकीट बघितलं की आमच्या वयात पहिल्यांदा तेच वाटतं.

तू विचारलंस कसं वाटायचं. मी काही उडवणारा नव्हतो, खालचा माणूस. विमानाच्या पोटाखाली वाकून तारेचा फास हुकाला लावायचा आणि पळायचं. वाफेचं यंत्र त्या फासाला धरून विमान समोर भिरकावून द्यायचं. आवाजाचं म्हणशील, तर तो कानाला ऐकू येत नाही बेटा. पोटात लागतो. दात वाजतात, डोळ्यातलं पाणी हलतं, पायाखालचं लोखंड मुंग्या आल्यासारखं वाटतं. माझे कान त्यानंच खाल्ले.

आणि भीती. तुला लहानपणी मी ते सांगितलं नाही, कारण तू डब्यावर बसून डोळे मोठे करून ऐकायचास, आणि मलाही बहादुरी मारायची हौस होती. खरं हे की रोज माझी जीभ कोरडी पडायची. समोरून हवा ओढून घेणारं तोंड, मागून आग, कडेला समुद्र. आमच्यातला एक जण कधीच घाबरायचा नाही. त्याला एका दिवशी वाऱ्यानं डेकवरून उचललं. मी घाबरट, म्हणून आज नांदेडात बसून नातवंडांच्या शिव्या खातोय, आणि त्याही ऐकू येत नाहीत.

तुझी अव्वा माझ्या बहिणीसारखी आहे. तिला सलाम सांग. ती चवड रचते ते चांगलं करते.

जिलानी


निलंगा
१६ फेब्रुवारी

प्रिय चाचा,

"पोटात लागतो" हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलंय. आणि ते करून दाखवलं!

हैदराबादहून शेकर मागवले. ताटलीएवढे गोल जड डबे असतात. त्यांचा आवाज येत नाही, नुसता हादरा येतो. खुर्चीखाली लावले, आणखी जोर यावा म्हणून दोन थेट फरशीला बोल्टनं आवळले. रविवारी पहिल्यांदा इंजिन पूर्ण सोडलं. चाचा, दात वाजले!

पण बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. आमच्या भिंती सगळ्यांच्या एकमेकींना लागून. हादरा फरशीतून गल्लीभर गेला. अव्वाचे पेले धडाधड परातीत. ती ओरडत बाहेर, तिच्यामागं अख्खी गल्ली. गुरुपादप्पा अर्धी दाढी केलेले, तोंडाला फेस, कडेवर नातू. बायका कुकर गॅसवर सोडून आलेल्या. मी कानाला हेडफोन लावून आत मजेत उडतोय, आणि बाहेर तीस-चाळीस माणसं आभाळाखाली उभी. वर्षाराणीनं येऊन मेन स्विच बंद केला तेव्हा मला पत्ता लागला.

गल्लीनं माझी जी पूजा केली ती लिहीत नाही. मग सगळे हसले. पण अव्वा हसली नाही. रस्त्याच्या मधोमध बसून राहिली. तिचे हात जमिनीवर टेकलेले होते, तळवे उघडे, ताप बघावा तसे. मी म्हटलं, "अव्वा, माझं विमान होतं गं." तिला ऐकूच जात नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिची नजर जागेवर आली नाही. मला फार वाईट वाटलं, चाचा. त्या भूकंपात तिची लेक, माझी बहीण तारक्का गेली तेव्हाही ती अशीच बसली असेल, असं सारखं मनात येत होतं.

पण मग मला एक सुचलं. ही तीस वर्षं भीतीनं उघड्यावर झोपते. थंडी, पाऊस, साप. तिला हळूहळू सवय लावली तर? रोज थोडा हादरा, रोज सांगायचं की हे विमान आहे. पाण्याला भिणाऱ्या पोराला कडेकडेनं उतरवतात तसं. तुम्हाला काय वाटतं?

तुमचा
विरू


नांदेड
२५ फेब्रुवारी

बेटा विरू,

गुरुपादप्पाच्या फेसावर मी एवढा हसलो की सदफ धावत आली. पण पुढचं वाचून हसू गेलं.

मला काय वाटतं विचारलंस. मला भीती वाटते. तुमच्याकडं जमीन अधूनमधून खरंच हलते, खालून गूं करते. इथं नांदेडातही हलते. तू म्हणतोस पाण्याची सवय. अरे, पोराला पाण्याची सवय लावून पोहायला शिकवतात. जमीन हलली तर पोहता येत नाही, पळावंच लागतं.

तरी करणार असशील तर जहाजावरचा कायदा पाळ. आमच्याकडं सराव रोज व्हायचा. पण आधी भोंग्यातून सांगायचे, हा सराव आहे. सांगितलं नाही आणि घंटा झाली, तर खरं समजून पळायचं. विचार करायचा नाही. तूही आधी मोठ्यानं सांग, गल्लीला ऐकू जाईल असं. सांगितल्याशिवाय एकदाही हलवू नकोस. एकदाही.

जिलानी


निलंगा
६ एप्रिल

प्रिय चाचा,

उत्तराला उशीर झाला, पण बातमी अशी आहे की तुम्ही रागवायचं विसराल.

अव्वा स्लॅबखाली आली!

तुमचा कायदा पाळला. रोज संध्याकाळी दारात उभा राहून ताट वाजवायचो, "विमान सुटतंय होऽऽ!" पहिले काही दिवस ती अंगणातल्या लिंबाला धरून उभी राहायची. मग शेडच्या दाराशी. मग एक दिवस खोलीच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाली, "बघू रं, कसलं विमान हाय तुझं." मी हात धरून तिला वैमानिकाच्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर समुद्र, जहाज, संध्याकाळ. इंजिन हळू सोडलं. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली, डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. म्हणाली, "हे गुदगुल्या करलालंय." चाचा, मी तिच्या पायाशी बसून रडलो.

आता ती रोज बसते. मी लातूरला असलो तरी दुपारी एकटी जाऊन खुर्चीत बसते. गार वाटतं म्हणते. मागच्या आठवड्यापासून झोपतेही त्याच खोलीत. गल्लीलाही सवय झाली. फरशी हलली की गुरुपादप्पा नातवाला सांगतात, "सर विमान उडवलालेत." त्यामुळं ताट वाजवणं आता सोडलंय. अव्वाच म्हणाली, "कशाला बडवतोस? मला कळतंय की."

आणि पेल्यांची चवड तिनं आपण होऊन बंद केली. रोज विमानानं पडायची, रोज कोण रचणार? परात आता कणीक मळायला घेतलीय. वर्षाराणीनं पहिल्या दिवशी त्यातल्या पोळ्या आम्हा सगळ्यांना वाढल्या. तुम्ही असायला हवे होतात.

तुमचा
विरू


नांदेड
११ एप्रिल

विरू,

चवड परत रच. आजच. माझं खत वाचून खाली ठेवायच्या आधी. ते डबे फरशीतून काढ. तिला आत झोपवू नकोस.

काल तुझं पत्र आलं आणि मला जेवण गेलं नाही. आज सकाळी हे लिहायला बसलो आणि माझी खाट हलली. पंखा हलला. आम्ही सगळे रस्त्यावर आहोत, दुकानाच्या पायरीवर कागद ठेवून लिहितोय. नातू अम्मार मोबाईल बघून म्हणतो, मूळ निलंग्याकडं आहे.

सदफ फोन लावतेय. लागत नाही. परत लावतेय. मला ऐकू येत नाही म्हणून मी तिचं तोंड बघतोय. तिच्या तोंडावर काहीच दिसत नाही.

अल्ला खैर करो.

जिलानी


निलंगा
१३ एप्रिल

चाचा,

परवा दुपारी फोन लागला तेव्हा मी सदफभाभींना एवढंच सांगितलं की सगळे जिवंत आहेत. बाकीचं बोलता येईना. आता लिहितोय.

मी लातूरला वर्गात होतो. बाकं हलली, पोरं जिन्यावरून खाली धावली. मीही धावलो. खाली उभा राहिल्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच आठवलं की वर्षाराणी शाळेत शिकवायला गेलेली, म्हणजे अव्वा घरात एकटी. फोन लागेना. निलंग्याची एसटी उभी होती, तिच्यात चढलो. सगळ्या रस्त्यानं लोक घराबाहेर उभे दिसत होते, झाडाखाली, बांधावर. प्रत्येक गावात. मी मनात म्हणत होतो, आमची गल्लीही अशीच बाहेर असणार.

चाचा, आमच्या गल्लीत कुणी बाहेर नव्हतं.

बाकी सगळं निलंगा रस्त्यावर होतं आणि आमची गल्ली आत. गुरुपादप्पांच्या गच्चीचा कठडा रस्त्यावर पडलेला, विटांचा ढीग, आणि ते आत्ता कुठं दारात येऊन त्याच्याकडं बघत होते. नातू रोज तिथंच खेळतो. त्या दिवशी नव्हता एवढंच. मला बघून म्हणाले, "सर, तुम्ही लातूरला होता? मग हे कोण हलवलं?"

मी मागच्या खोलीत गेलो. स्लॅबला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडा. गिलाव्याचे ढेपसे फरशीवर. आणि अव्वा विमानाच्या खुर्चीत बसलेली. केसांवर, खांद्यांवर पांढरी धूळ. पडदा बंद, काळा. मला बघून हसली आणि म्हणाली, "आलास? आज लई जोरात उडवलास बाबा."

तिला ओढून अंगणात आणलं. सांगितलं, अव्वा, ते विमान नव्हतं, जमीन हलली. तिला पटत नाही. काल परत जरा हादरलं, मी ओरडत उठलो, आणि ती जागची हलली नाही. "झोप, विमान हाय," म्हणाली. मला तिनं थोपटलं, चाचा. तीस वर्षं ती जागी राहून आम्हाला राखत होती. मी तिला झोपवलं. तिची भीती मी काढून घेतली, आणि आता ती परत कशी द्यायची ते मला कळत नाही. मला फार भीती वाटतेय.

विरू


नांदेड
१९ एप्रिल

बेटा विरू,

रडून झालं असेल तर कामाला लाग.

ते डबे तू काढू नकोस. तिला काढू दे. पाना तिच्या हातात दे, तू फक्त दाखव. प्रत्येक बोल्ट तिनं सोडायचा. मग डबे तिच्याच ताब्यात दे, तिच्या खाटेखाली. तू सांगितलेलं तिला पटणार नाही, कारण तूच तिला उलटं पटवलंस. स्वतःच्या हातानं काढलेलं पटेल, की या विमानात आता हलणारं काही राहिलं नाही. आणि तू अंगणात तिच्याजवळ झोप.

दुसरं सांगतो. तुला माहीत नसावं. त्र्याण्णवला मी जीप घेऊन तुझ्या तारक्काच्या, तारामतीच्या सासरी पोचलो तेव्हा तिथं मुक्कामाला गेलेली अव्वा ढिगाऱ्यासमोर बसलेली. पहाटे ती बाहेर गेली होती म्हणून वाचली, एवढंच तुम्हाला सांगितलंय. पण पहिला हादरा झाला तेव्हा घर लगेच पडलं नव्हतं. ती दारापर्यंत पळत आली होती. आत तारामती झोपलेली. अव्वा मला म्हणाली, "भाई, उंबऱ्यावर माझे पाय उचललेच नाहीत." मग घर बसलं. हे तिनं एकदाच सांगितलं, परत कधी नाही.

तुम्ही घरात तारामतीचं नाव काढत नाही. तिला त्रास होईल म्हणून. काढा. होऊ दे त्रास.

जिलानी


निलंगा
२९ जून

प्रिय चाचा,

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. अव्वानं बोल्ट सोडले. एकेक फिरवायला तिला पुष्कळ वेळ लागायचा, मला हात लावू देत नव्हती. डबे खाटेखाली ठेवले आणि रोज वाकून बघायची, आहेत ना. मी तिच्याशेजारी शेडमध्ये झोपू लागलो. एकदा मी आपण होऊन म्हटलं, "तारक्काला चिंचेचं सार लई आवडायचं नाही का?" ती खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "तिखट लागायचं तिला." त्यानंतर रोज बोलते. रोज रडते. चवड मात्र रचत नव्हती. परात मी घासून तिच्यासमोर ठेवायचो, ती बाजूला सारायची.

स्लॅबचं काम करून घेतलं, खालून आधाराला लोखंडी गर्डर टाकले. विमानाला मी हातही लावला नव्हता. अव्वाच म्हणाली, "अर्धं कशाला ठेवतोस? जिलानीभाईचं हाय ते. पुरं कर." मग पुरं केलं. काल रविवारी दुपारी पहिल्यांदा तुमच्या जहाजावरून सोडलं. हादरा नाही, नुसतं डोळ्यांना आणि कानाला. सोडताना तुमची आठवण आली. चाकं उचलली, समुद्र खाली गेला. मी एवढा गुंग होतो की मला बाकी काही समजलं नाही.

मागून कुणीतरी माझी कॉलर धरली.

अव्वा. डोळे पांढरे, तोंडाला कोरड, केस सुटलेले. हेडफोन ओढून फेकले तेव्हा मला ऐकू आलं. बाहेर परात वाजत होती. तिनं सकाळी मला न सांगता चवड रचली होती, चाचा. आणि ती ओरडत होती, "तारे, ऊठ! ऊठ गं, भाईर चल!" सत्तरीतली बाई, पण मला खुर्चीतून उपसून काढलं. दारात माझा पाय अडकला, मी पडलो, तिनं दंडाला धरून फरफटत उंबऱ्याबाहेर ओढलं. फरशी हलत होती. ती त्या हलत्या फरशीवरून आत आली होती.

अंगणात आम्ही लिंबाखाली पडलो. गल्ली सगळी बाहेर होती, लेकरं कडेवर, गुरुपादप्पा देवाचं नाव घेत. अव्वा पानासारखी कापत होती. मला सोडत नव्हती. तिच्या छातीचे ठोके माझ्या पाठीला लागत होते, आणि चाचा, मला एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही. ती घाबरली होती. पुरती घाबरली होती.

थोड्या वेळानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं तिनं. म्हणाली, "विरू हाईस व्हय." मी हो म्हटलं. मग तिनं माझा गाल पुसला आणि म्हणाली, "गेले की रं पाय आत."

घराला काही झालं नाही, थोडी माती पडली. ती मला अजून आत जाऊ देत नाही. हे पत्रही अंगणातच लिहितोय. काल संध्याकाळी खिडकीतून डोकावलो तर संगणक चालूच होता. सी हॉक कधीचं समुद्रात गेलं होतं. पडद्यावर नुसतं पाणी होतं आणि समोर रिकामी खुर्ची.

तुमचा
विरू